टिल्लूला घेऊन टोकापर्यंत

आमच्या यार्डात तिला सगळे चकाचकमावशी म्हणतात. हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं. गाडी आतून-बाहेरून धुऊन झाली की ती ऑफिसच्या दारात यायची, ओले हात कमरेवर ठेवायची आणि एकच शब्द बोलायची, "चकाचक!" मग मी फळ्यावर त्या गाडीपुढे खूण करायची आणि ती गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला मोकळी व्हायची.

आमचा धंदा मोटरहोम भाड्यानं देण्याचा. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, ओटा, बेसिन, घडीचं टेबल आणि टीचभर बाथरूम. थोडक्यात, चाकांवरचं घर. गावाबाहेरून एक लांबोडका द्वीपकल्प जिभेसारखा समुद्रात घुसलाय. एका किनाऱ्यानं जायचं, टोकाला दीपगृह बघायचं, दुसऱ्या किनाऱ्यानं परत यायचं. या एका फेरीसाठी लोक कुठून कुठून येतात आणि येताना तोंडभर हसत येतात.

मावशीनं ती फेरी कधीच केली नव्हती. तिला तो सगळा मुलूख माहीत होता तो केरातून. जातानाच्या बाजूची वाळू जाड, ती पायपुसण्यात रुतून बसते. येतानाच्या बाजूची पिठासारखी, ती फ्रीजच्या रबरातसुद्धा शिरते. "समुद्र चांगलाच असणार," ती म्हणायची, "पण लोकांनी तो पाहून यावा की नाही? गाडीत भरून कशाला आणतात मेले!"

तिचा नवरा न्हावी. खाली सलून, वर घर. मुलगा एकच. त्याच्याबद्दल कुणी विचारलं तर "बाहेरगावी असतो" एवढंच सांगायची. खरं काय ते यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्यासमोर कुणी विषय काढत नसे.

तो जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, म्हणून त्याचं नाव पडलं टिल्लू. पुढे तो सहा फूट वाढला, दारातून वाकून जायला लागला, तरी टिल्लूच राहिला. मावशी तेव्हा एका लॉन्ड्रीची व्हॅन चालवायची. एका रात्री टिल्लूनं खुंटीवरची किल्ली काढली आणि आपल्या जिवलग मित्राला शेजारी बसवून व्हॅन बाहेर काढली. दोघंही प्यायलेले. व्हॅन पुलाच्या कठड्यावर आदळली. टिल्लूला खरचटलं. मित्र जागीच गेला. मित्र म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याचा मुलगा, लहानपणापासून मावशीच्या हातचं जेवलेला. टिल्लूला पाच वर्षांची शिक्षा झाली. मावशीनं लॉन्ड्री सोडली आणि आमच्याकडे गाड्या धुवायला लागली.

तो सुटायचा होता त्या आठवड्यात ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. आयुष्यात पहिल्यांदाच काही मागायला गेली असेल. हंगाम संपत आला होता, गाड्या उभ्याच होत्या. मालक म्हणाले, "सगळ्यात छोटी आहे ती ने. दोन दिवस ठेव. पण कुठं निघालीस?"

"टोकापर्यंत," ती म्हणाली.

मालकांनी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिनं ती गाडी अशी घासली की बघत राहावं. घरून नवी चादर आणली, खिडकीला स्वतः शिवलेला पडदा लावला, छोट्या फ्रीजमध्ये उकडलेली अंडी, बटाटे, पाव असं सगळं रचून ठेवलं. मी म्हटलं, "मावशी, लग्नघर सजवताय जसं." ती नुसती हसली. पुढचं सगळं तिनं मला नंतर, जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करून सांगितलं.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर गाडी लावून ती सकाळपासून उभी होती. टिल्लू आला तो हातात कापडी पिशवी घेऊन. अंगानं सुटला होता, चेहरा मात्र ओढलेला. तिनं त्याला मिठी मारली, तर त्याचे हात खाली सरळच राहिले. मग एकदम आठवल्यासारखे वर आले.

ती गाडीत चढली, मागे वळून बघते तर हा खाली उभाच. दार सताड उघडं होतं तरीही.

"अरे चढ की."

तेव्हा चढला.

तिनं हौसेनं सगळं दाखवलं. "हे ओढलं की टेबल. हे पाडलं की पलंग. रात्री तू इथं झोप, मी वरच्या फळीवर. आणि हे बघ, बाथरूमसुद्धा आहे!" टिल्लू मधोमध उभा होता. त्यानं दोन्ही हात बाजूला पसरले. दोन्ही तळवे दोन्ही भिंतींना टेकले.

"छान आहे," तो म्हणाला. "आई, मी पुढे बसू का?"

पुढे बसल्याबरोबर त्यानं काच पूर्ण खाली केली. वारा बोचरा होता, पण ती काच त्यानं दिवसभर वर घेतली नाही.

गाव मागे पडलं. उजव्या हाताला समुद्र सुरू झाला.

"बाबा नाही आले?"

"सकाळी दुकानात गर्दी असते रे. तुला माहीत आहे."

"हं."

ती मला म्हणाली, "एक खोटं बोलले आणि वाटलं, पहिल्या थांब्यावर खरं सांगून टाकू. पहिला थांबा आला, तर वाटलं, त्याचं पोट भरू दे आधी. पोट भरलं, तर वाटलं, आत्ता कुठं जरा बाहेर बघायला लागलाय, आत्ता नको." सांगायचं होतं ते इतकंच की, बापानं त्याला घरात आणायला मनाई केली होती.

पहिल्या थांब्यावर कठडा होता, बाकं होती, फोटो काढणारी कुटुंबं होती. टिल्लू कठड्यापाशी गेलाच नाही. गाडीला पाठ टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "आई, संडासला जाऊन येऊ?"

"जा ना, त्यात काय विचारायचं!"

पुढच्या थांब्यावर, "आई, पाणी पिऊ?" त्याच्या पुढच्या थांब्यावर, "आई, जरा खाली उतरू?" तेव्हा मात्र तिचा तोल गेला. "सारखं काय मला विचारतोस? मी काय शिपाई आहे तुझ्यावर?" आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिलं. टिल्लू "नाही, नाही" म्हणाला आणि उतरायचाच राहिला. ती सांगते, त्या क्षणी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

टोक जवळ आलं तसा रस्ता डोंगराच्या पोटात कोरल्यासारखा झाला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि रुंदी जेमतेम एका गाडीची. मावशी वळणावर आली आणि समोर पर्यटकांनी भरलेली बस उभी. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून 'मागे घ्या, मागे घ्या' अशी खूण केली. बरोबरच होतं. मोकळी जागा मागेच होती.

लॉन्ड्रीच्या व्हॅनला ती कुठंही वळवायची, पण ही गाडी लांब, मागचं काही दिसत नाही, आणि रस्ता उताराचा. तिनं हात-दीड हात मागे घेतली आणि मागचं चाक खडीत घसरलं. खर्रर्र असा आवाज झाला. गाडीचा मागचा भाग समुद्राच्या बाजूला सरकल्यासारखा वाटला. तिनं ब्रेकवर पाय गच्च दाबून धरला. बसवाला हॉर्न देतोय, बसमधली माणसं उठून बघताहेत. तिच्या तोंडून निघून गेलं, "टिल्लू, तू घे. तुला जमेल. मला नाही होत."

बोलली आणि मग कळलं आपण काय बोललो ते.

टिल्लूनं स्टीअरिंगकडे असं पाहिलं, जसं त्यावर साप बसलाय. "आई, मी नाही," तो म्हणाला. "मी नाही. मी नाही." मग त्यानं दार उघडलं आणि खाली उडी मारली.

तिला वाटलं पळाला. पण आरशात पाहते तर तो गाडीच्या मागे, कड्याच्या अंगाला, एक हात वर करून उभा. "ये," तो ओरडला. "ये, ये. जरा कातळाकडे तोड. आणखी. ये. हळू, घाई नाही कसली. ये, ये... बस!" त्याच्या हाताकडे बघत बघत ती बोटाबोटानं मागे आली आणि दीपगृहाच्या आधीच्या रुंद जागेत गाडी लागली. बस शेजारून गेली. बसमधल्या पोरांनी टिल्लूला टाळ्या वाजवून दाखवल्या. त्यानं खाली मान घातली.

तिनं इंजिन बंद केलं. पाण्याची बाटली घेऊन ती खाली उतरली. तो कातळाला टेकून जमिनीवर बसला होता.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"दुकानात कितीही गर्दी असती तरी बाबा आले असते. का नाही आले?"

तिला वाटलं, आता आणखी एक खोटं घातलं तर सगळंच कोसळेल. ती त्याच्या शेजारी खडीतच बसली.

"ते म्हणाले, घरी आणू नकोस."

"कायमचं?"

"तसं नाही म्हणाले. नुसतं आणू नकोस म्हणाले."

"चिडून म्हणाले?"

"चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते रे. शांतपणे म्हणाले." मग तिनं त्याला सायकलवाल्याची गोष्ट सांगितली, जी तिनं तुरुंगातल्या भेटीच्या वेळी कधीच सांगितली नव्हती.

अपघातानंतर सायकलवाला कित्येक महिने सलूनच्या समोरून गेला नाही, वळसा घालून जायचा. मग एका सकाळी आला आणि काही न बोलता खुर्चीत बसला. दाढी पार छातीपर्यंत वाढलेली. बापानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लावला, दाढी केली. दोघांत शब्द नाही. तेव्हापासून तो दर आठवड्याला येतो. तसाच बसतो आणि तसाच जातो.

"तुझे बाबा मला म्हणाले, तो माझ्यासमोर मान मागे टाकतो आणि डोळे मिटतो. मी त्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो. माझ्या पोरानं त्याचं पोर नेलं आणि तो मला गळा देतो. आणि आपला जिना दुकानातून वर जातो. उद्या तो खुर्चीत बसलेला असताना हा खाली उतरला, तर आरशात त्याला कोण दिसेल? त्याला हे दाखवायचं धाडस माझ्यात नाही."

टिल्लू ऐकत होता. हातातला खडा त्यानं चार वेळा या हातातून त्या हातात घेतला.

"मी जरा पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला आणि उठून दीपगृहाच्या वाटेनं चालायला लागला.

त्यानं विचारलं नाही, सांगितलं, म्हणून तिला आधी बरं वाटलं. ती गाडीत गेली, अंडी सोलली, पावाला लोणी लावलं, टेबल ओढून मांडलं. अन्न तसंच राहिलं. वारा वाढला. मग तिच्या मनात जे यायला नको ते आलं आणि एकदा आलं ते जाईना. हातातली सुरी तशीच टाकून ती पळत सुटली.

दीपगृहाच्या आवारात बरीच माणसं होती. तिला कुठंच तो उंच माणूस दिसेना. ती कड्याच्या काठी बांधलेल्या दोरापाशी गेली, खाली पाहिलं. खडक, फेस, बाकी काही नाही. मग तिनं गळा काढला. "टिल्लूऽऽ! अरे टिल्लूऽऽ!"

लोक जमायला वेळ लागत नाही. एक चष्मेवाली बाई धावत आली. "काय झालं? मुलगा हरवला?" मावशीनं मान हलवली. बाईनं नवऱ्याला हाक मारली, नवऱ्यानं आणखी दोघांना. कुणी स्वच्छतागृहाकडे गेलं, कुणी गाड्यांच्या खाली वाकून बघायला लागलं. दीपगृहाचा रखवालदार शिट्टी घेऊन आला. जिकडे तिकडे अनोळखी माणसं ओरडायला लागली, "टिल्लूऽऽ! बाळा, कुठं आहेस? घाबरू नकोस हं!"

"कपडे कुठल्या रंगाचे आहेत?" रखवालदारानं विचारलं.

"राखाडी शर्ट."

"वय?"

"सव्वीस."

रखवालदाराची शिट्टी तोंडाशी गेली होती ती तिथंच थांबली. चष्मेवाल्या बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात खडकांकडून येणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी टिल्लू उगवला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, घामाघूम, कानापर्यंत लाल. एवढी सगळी माणसं आपलं बाळपणीचं नाव घेऊन आपल्याला शोधताहेत हे बघून त्याला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

चष्मेवाल्या बाईनं घाबरलेल्या लेकरासाठी म्हणून बिस्किटांचा पुडा फोडून हातात धरला होता. ती क्षणभर घुटमळली आणि मग तिनं तो तसाच पुढे केला. टिल्लूनं एक बिस्किट घेतलं. "थँक्यू," म्हणाला.

गाडीपाशी येईपर्यंत मावशीनं त्याचं मनगट सोडलं नाही. दार उघडून ती पायरीवर बसली आणि सरळच विचारलं, "खाली कशाला गेला होतास? मनात काही वेडंवाकडं होतं का तुझ्या?"

"खोटं नाही बोलणार. येतं मनात. ते काही आजचं नाही." मग म्हणाला, "मी नुसता पाण्यात पाय टाकून बसलो होतो. जो गेला त्याचा विचार करत होतो. त्याला समुद्राचं वेड होतं, तुला आठवतं? इतक्यात तू सुरू झालीस. आधी तू, मग पंधरा जण. टिल्लू, टिल्लू. लाज वाटून वर आलो."

मावशीला रडताना हसू फुटलं, आणि मग हसणं आवरेना. टिल्लू मात्र हसला नाही.

"आई, रात्री मी आत नाही झोपणार," तो म्हणाला. "तू एवढं केलंस, पण नाही होणार. ही माझ्या कोठडीएवढीच आहे. पलंगही असाच, भिंतीवरून खाली पाडायचा. कडीचा आवाजसुद्धा तसाच. मी बाहेर बसतो रात्रभर, तू झोप."

तिनं मागे वळून गाडीत पाहिलं. नवी चादर, शिवलेला पडदा. इतकी वर्षं ती रोज या गाड्यांत शिरत होती, एकेक कोपरा हातानं पुसत होती आणि हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही राहायचं आपण," ती म्हणाली. "परत जाऊ."

"परत कुठं?"

आता तेही सांगावं लागलं. यार्डाच्या मागे टायरवाल्याच्या दुकानावर एक खोली तिनं आधीच ठरवून ठेवली होती. गादी टाकली होती, भांडी नेऊन ठेवली होती.

टिल्लू तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. ही फेरी म्हणजे गोळीवरची साखर."

"तसं नाही रे."

"तसंच आहे, आई. सकाळी फाटकापाशी सांगितलं असतंस तर चाललं असतं मला. दिवसभर मला वाटत होतं, आपण घरी चाललोय, जरा लांबून."

तिनं गाडी सुरू केली. परतीच्या किनाऱ्यानं ती गाडी चालवत राहिली. त्या बाजूला म्हणे समुद्र काचेसारखा शांत असतो, लोक तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबतात. तिनं गाडी कुठंच थांबवली नाही. दोघांनी वाटेत पावाचा तुकडाही मोडला नाही. अंधार पडायच्या आत गाडी यार्डात लागली. मी ऑफिस बंद करत होते. फळ्यावर ती गाडी उद्यापर्यंत होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "ही उद्या मीच धुईन, कुणाला हात लावू देऊ नकोस." तिच्यामागे तिचा मुलगा पिशवी घेऊन उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. त्यानं मला नमस्कार केला.

टिल्लू त्या खोलीत राहतो. आधी काही आठवडे त्यानं दाराला वीट लावून ते उघडंच ठेवलं, खाली टायरवाला कुरकुर करायचा. आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचं काम करतो. आईवरचा राग एकदम गेला नाही. महिनाभर तो तिच्याशी हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हता, आणि ती डबा ठेवून मुकाट निघून यायची. एकदा तिनं मला विचारलं, "तू असतीस तर फाटकापाशीच सांगितलं असतंस?" मी म्हटलं, "माहीत नाही, मावशी." खरंच माहीत नाही.

सायकलवाला अजून दाढी करायला येतो. टिल्लू सुटल्याचं त्याच्या कानावर गेलंच. एका सकाळी साबण लावलेल्या तोंडानं, डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "आला म्हणे." बाप म्हणाला, "आलाय. इथं नाही राहत." त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा वस्तरा चुकला, हनुवटीखाली रेघभर रक्त आलं. सायकलवाला म्हणाला, "असू दे." पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी राहिली. बाप दिवसभर दाराकडे बघत होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो आला.

टिल्लू केस कापायला बापाशिवाय दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाही. मग मावशीच सुट्टीच्या दिवशी दुकानातली कात्री पदराआड घालून नेते आणि त्याचे केस कापते. तिच्या हाताला ते काम ठाऊक नाही, त्यामुळे पोरगा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. नवऱ्याच्या हे लक्षात आलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. परवा ती कात्री घ्यायला गेली, तर ती नेहमीच्या जागी नव्हती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती, ताजी धार लावलेली, कागदात गुंडाळून. शेजारी बारीक दातांचा कंगवा. नवरा पाठमोरा, आरसा पुसत होता.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय बोलणार? घेतली आणि गेले." तिनं डब्याचं झाकण लावलं. टिल्लू अजून त्या गल्लीत गेलेला नाही, आणि बाप टायरवाल्याच्या दुकानाकडे फिरकलेला नाही. बाहेर दोन गाड्या टोकावरून परत आल्या होत्या. ती उठली आणि पाण्याचा पाइप ओढत त्यांच्याकडे गेली.